बर्फाची वाघीण

मालगाडीच्या डब्याला मराठीत ‘वाघीण’ म्हणतात. ‘वॅगन’ हा शब्द आपल्या लोकांच्या तोंडी बसता बसता त्याला एकदम चार पाय आणि शेपूट फुटले. लहानपणी स्टेशनवर उभा राहून मी वाघिणी मोजत असे. त्यांच्या आत काय असते, ते कोण भरते आणि वाटेत त्या मालाचे काय होते, असे प्रश्न तेव्हा पडले नव्हते. ते पडले ते साठी उलटल्यावर, आणि तेही घरापासून फार लांब.

लेकीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. सॅक्रामेंटोच्या रेल्वे संग्रहालयात ‘फ्रूट ग्रोअर्स एक्स्प्रेस’ची एक जुनी लाकडी वाघीण जपून ठेवलेली आहे. फळे आणि भाजीपाला थंड ठेवून नेणारी ही वाघीण. जाड भिंती, घट्ट बसणारे दरवाजे आणि छताच्या टोकांना झाकणे. बरोबर आलेल्या नातीने विचारले, ‘‘आजोबा, हिचा एसी कुठाय?’’ एसी नव्हताच. होता तो बर्फ. त्याच संग्रहालयात वरच्या मजल्यावर खेळण्यातल्या आगगाड्यांचा मोठा संग्रह आहे. खाली खरी वाघीण आणि वर तिच्या चिमुकल्या बहिणी. त्या दोन मजल्यांमध्ये जिना चढता-उतरताना मला जे सुचत गेले, त्यातून हा लेख झाला.

बर्फ विकण्याचा अमेरिकन धंदा रेल्वेपेक्षा जुना आहे, आणि आपल्याला तो अपरिचितही नाही. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात गाडून १८३३ साली कलकत्त्याला धाडला. पुढे हा बर्फ मुंबईतही येऊ लागला आणि त्याच्यासाठी मुंबईत खास बर्फघर उभे राहिले. म्हणजे मुंबईत आगगाडी धावण्याआधी अमेरिकेचा बर्फ पोहोचला होता. भुसा घालून बर्फ महिनोन्महिने टिकवता येतो हे एकदा कळल्यावर तो डब्यात घालून बघणे ओघानेच आले. १८५१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑग्डेन्सबर्गहून बॉस्टनला बर्फाच्या डब्यातून लोणी गेले.

लोण्याने कुणाचे पोट दुखले नाही. भांडण सुरू झाले ते मांसावरून. पश्चिमेकडची गुरे शिकागोत यायची आणि तिथून जिवंतच पूर्वेकडच्या शहरांत जायची. हजार पौंडांच्या बैलातून सहाशे पौंडांच्या आसपास मांस निघते. उरलेल्या वजनाचेही भाडे भरायचे, वाटेत चारा-पाणी करायचे, काही जनावरे दगावायची आणि उरलेली वाळायची. गुरांना सलग २८ तासांपेक्षा जास्त वेळ डब्यात कोंडून ठेवता येणार नाही, असा कायदा १८७३ साली अमेरिकन संसदेला करावा लागला, यावरून त्या प्रवासाची कल्पना यावी. मग शिकागोतच कत्तल करून नुसते मांस का धाडू नये?

डेट्रॉइटच्या विल्यम डेव्हिसने १८६८ साली तसा डबा बनवून त्याचे पेटंट घेतले आणि जॉर्ज हॅमंड या मांसव्यापाऱ्याने ते विकत घेतले. या डब्यात बर्फ आणि मीठ यांच्या वर मांसाचे अर्धे-अर्धे धड टांगलेले असे. पण गाडी वळणावर आली की सगळा टांगलेला माल एका बाजूला झुलायचा आणि डबा रुळांवरून घसरायचा. यावर उतारा काढला तो गुस्ताव्हस स्विफ्टने. मॅसॅच्युसेट्समधून १८७५ साली शिकागोला आलेल्या या खाटकाने अँड्र्यू चेस नावाच्या इंजिनिअरला हाताशी धरले. चेसने बर्फ वर नेला आणि मांस खाली घट्ट रचले. थंड हवा जड असते, ती आपोआप खाली उतरते. या साध्या गोष्टीवर तो डबा चालत असे.

डबा तयार झाला, पण तो ओढायला मोठ्या रेल्वे कंपन्या तयार होईनात. गुरांच्या वाघिणी त्यांच्या होत्या, आणि १८६५ साली शिकागोत उघडलेल्या प्रचंड गुरेबाजारात त्यांचेच पैसे गुंतलेले होते. कमी वजनाचे मांस जाऊ लागले तर भाडे बुडणार. शेवटी गुरांच्या वाहतुकीत ज्यांचे फारसे काही अडकलेले नव्हते, त्या कॅनडाच्या ग्रँड ट्रंक रेल्वेने स्विफ्टचे डबे ओढायचे कबूल केले. तिचा मार्ग उत्तरेकडून, लांबचा. पण म्हणूनच थंड, आणि वाटेत तळ्यांवरचा बर्फ मिळणारा. रेल्वे कंपन्या डबे बांधून देत नव्हत्या म्हणून मांसव्यापाऱ्यांनी स्वतःचे डबे बांधले. त्यामुळे वाघिणीवर मालकाचे नाव आले. ही बारीकशी गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिला रंग चढणार आहे.

या डब्याने गावोगावच्या खाटकांचा धंदा मोडला. १८८६ साली त्यांनी संघटना उभारली. शिकागोचे मांस शिळे, रोगट, अशी ओरड झाली. मिनेसोटा राज्याने १८८९ साली कायदा केला की, राज्यात विकायच्या मांसाचे जनावर कापण्याआधी २४ तासांच्या आत राज्याच्याच अधिकाऱ्याने तपासलेले असले पाहिजे. दिसायला आरोग्याचा कायदा, पण परिणाम एवढाच की, बाहेरून बर्फात येणारे मांस बंद. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९० साली तो रद्द केला. राज्याराज्यांतला व्यापार मोकळा राहिला पाहिजे हे तत्त्व पक्के होण्यात एका मालडब्याचा हातभार लागला. आणि तत्त्व जिंकले तेव्हा गावचा खाटीक हरला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मांसामागोमाग फळे आली. युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक या दोन रेल्वे कंपन्यांनी १९०६ साली ‘पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेस’ स्थापन केली. १९०७च्या ऑक्टोबरमध्ये ६,६०० वाघिणींनिशी तिचे काम सुरू झाले. कॅलिफोर्नियातली संत्री, द्राक्षे, कोबी, सॅलडची पाने असा सगळा नाशिवंत माल खंड ओलांडून न्यूयॉर्कला जाऊ लागला. वाघिणीच्या दोन्ही टोकांना बर्फाचे कप्पे असत आणि त्यांत मिळून साडेचार-पाच टन बर्फ मावे. तो वितळत जाई. म्हणून साधारण रोज, कुठल्या तरी बर्फफलाटाशी थांबून कप्पे पुन्हा भरावे लागत. हे फलाट डब्याच्या छताइतके उंच आणि गाडीइतके लांब. तीनशे पौंडी लाद्या त्यावरून सरकत यायच्या. मजूर लांब दांड्याच्या आकड्यांनी त्या ओढत, फोडत आणि छताच्या झाकणातून आत ढकलत. भर उन्हाळ्यात, ओल्या लाकडावर, रात्री-अपरात्री हे काम चाले. मांसाच्या डब्यांत बर्फाबरोबर मीठ पडे आणि त्याचे खारे पाणी वाटभर ठिबकून रूळ आणि पूल गंजत. सॅक्रामेंटोजवळच्या रोझव्हिल गावात या कंपनीचा बर्फाचा अवाढव्य कारखाना होता.

जॉन स्टाइनबेकची ‘ईस्ट ऑफ ईडन’ ज्यांनी वाचली असेल त्यांना अ‍ॅडम ट्रास्क आठवेल. सालिनासची सॅलडची पाने बर्फात घालून न्यूयॉर्कला पाठवायची, या कल्पनेने तो झपाटतो. सहा डबे निघतात, वाटेत अडकत जातात, बर्फ वितळतो आणि न्यूयॉर्कला पोहोचतो तो चिखल. कादंबरीत ते एका भाबड्या माणसाचे दिवाळे आहे. मला मात्र त्यात या वाघिणीचा स्वभाव नेमका पकडलेला दिसतो. कोळशाची वाघीण चार दिवस यार्डात उभी राहिली तर कोळसा कोळसाच राहतो. बर्फाच्या वाघिणीच्या पोटात मात्र घड्याळ असते.

खास मालासाठी खास डबे बनवण्यात त्या काळच्या अमेरिकेने कल्पकतेची कमाल केली. लोणच्याच्या काकड्यांसाठी लाकडी पिंपांच्या वाघिणी होत्या. व्हिनेगरसाठी लाकडी टाक्या होत्या. हेलियम वायूसाठी पोलादी नळकांड्यांचे डबे होते. ते भरलेले असोत वा रिकामे, वजनात जवळजवळ फरक नसे. जिवंत कोंबड्यांच्या डब्यात चार-पाच हजार पक्षी मावत आणि मधल्या चिंचोळ्या खोलीत त्यांना दाणापाणी करणारा माणूस प्रवासभर राहत असे. त्या डब्याचे चित्र पाहताना माझी नजर जाळीवरून सरकून त्या खोलीच्या खिडकीशीच थांबते.

आता रंगाची गोष्ट. डबे भाड्याने देणाऱ्या कंपन्यांनी १९२०च्या दशकात गिऱ्हाइकांना एक आमिष दाखवले: आमचे डबे घ्या, त्यांवर तुमची जाहिरात रंगवून देतो. मग वाघिणींवर लोणी, चीज, सॉसेज आणि बिअर यांची झगझगीत चित्रे आली. चालती-फिरती जाहिरात, तीही जवळपास फुकट. पण एका चीजवाल्याची जाहिरात असलेल्या डब्यात दुसरा चीजवाला आपला माल कशाला भरील? डबे रिकामे परत फिरू लागले. शिवाय ही फुकटची जाहिरात म्हणजे भाड्यातली छुपी सूटच होती. आंतरराज्य वाणिज्य आयोगाने १९३४ साली अशा जाहिरातींना मनाई केली आणि पुढच्या काही वर्षांत त्या पुसल्या गेल्या.

त्याच १९३४ सालच्या जानेवारीत मिलवॉकी शहरातून अल कॅल्मबाखने ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक सुरू केले. पुढच्याच वर्षी त्याच शहरात छोट्या आगगाड्यांच्या छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. रुळांवरून पुसलेली चित्रे टेबलावरच्या रुळांवर जिवंत झाली. या छंदातले सर्वांत लोकप्रिय प्रमाण म्हणजे ‘एचओ’, मूळ वस्तूच्या १/८७ आकाराचे. चाळीस फुटी वाघीण त्यात १४ सेंटिमीटरची होते. या आकारात जाहिरातवाल्या वाघिणी किती निघाल्या आणि निघताहेत! खऱ्या रुळांवर त्यांचे आयुष्य उणेपुरे दहा-पंधरा वर्षांचे. काचेच्या कपाटात त्या नव्वद वर्षांनंतरही ताज्या आहेत. नुसती कपाटे पाहून कुणी इतिहास लिहिला, तर अमेरिकेतली प्रत्येक मालगाडी जत्रेसारखी रंगीत होती असे त्याला वाटेल.

म्हणून हा छंद इतिहासाला बिघडवतो, असा निष्कर्ष मी सुरुवातीला काढला होता. तो घाईचा होता. डब्याला फळ्या किती, खिळे कुठे, नारिंगी रंग कोणत्या साली आला, यावरून वर्षानुवर्षे वाद घालणारे हेच लोक. त्या वादांसाठी त्यांनी कंपन्यांचे नकाशे, नोंदवह्या आणि छायाचित्रे रद्दीत जाण्यापासून वाचवली. पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेसचा १९९२ साली निघालेला जाडजूड इतिहास याच वर्तुळातला आहे. त्याच्या तीन लेखकांपैकी अँथनी थॉम्प्सन स्वतः या छंदातले. व्यावसायिक इतिहासकार मांसाच्या मक्तेदारीवर लिहीत होते, तेव्हा बर्फाचा कप्पा कसा उघडे हे जपून ठेवले ते छांदिष्टांनी.

त्यांच्यातले काही याच्याही पुढे गेले. नाटकाच्या जगातून आलेल्या फ्रँक एलिसनने १९४४ साली मांडले की, टेबलावरची रेल्वे हे नाटक आहे; देखावा म्हणजे नेपथ्य, गाड्या म्हणजे नट आणि वेळापत्रक म्हणजे संहिता. तेव्हापासून गाडी नुसती गोल फिरवण्यात अनेकांना राम वाटेनासा झाला. प्रत्येक डब्याची चिठ्ठी असते: कुठून आला, काय भरले आहे, कुठे जायचे. आणि बर्फाची वाघीण असली की, ती वाटेत बर्फफलाटाशी थांबलीच पाहिजे, ठरलेली मिनिटे घालवलीच पाहिजेत. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे चिमुकल्या गाड्या सिग्नलला थांबतात, तेव्हा मुले श्वास रोखून बघतात. धावणाऱ्या गाडीपेक्षा थांबलेली गाडी जास्त खरी वाटते, हे मला तिथे पूर्वीच जाणवले होते. त्याचे कारण आता कळले.

सॅक्रामेंटोहून परतल्यावर मी जुन्या खेळण्यांविषयी वाचू लागलो. लायोनेल कंपनीने १९५५ साली एक खेळणे काढले होते: बर्फाचे स्टेशन. फलाटावर एक छोटा मजूर. कळ दाबली की तो पुढे सरकतो आणि पारदर्शक प्लॅस्टिकची लादी नारिंगी वाघिणीच्या छतातून आत ढकलतो. मापात ते काटेकोर नाही. खरे छांदिष्ट त्याला खेळणेच म्हणतील. पण कपाटातल्या शेकडो सुंदर वाघिणींत जो नाही, तो माणूस इथे आहे, आणि तो काम करतो आहे.

खऱ्या फलाटांवरचे ते काम १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला संपले. इंजिनावर चालणारी शीतयंत्रे डब्यांत आली, आणि माल ट्रकने जाऊ लागला. फलाट पाडले गेले. रोझव्हिलचा तो कारखानाही आता नाही.

निघताना संग्रहालयाच्या दुकानातून नातीला एक नारिंगी वाघीण घेऊन दिली. परवा व्हिडिओवर तिने ती जेवणाच्या टेबलावरून ढकलत नेऊन मध्येच थांबवली. फ्रिजमधून बर्फाचा एक खडा आणून छतावर ठेवला. तिची आई ओरडली, ‘‘अगं, टेबल ओलं होईल!’’

‘‘होऊ दे गं,’’ मी इकडून म्हणालो. ‘‘खरी वाघीणसुद्धा वाटभर ठिबकतच जायची.’’