मंचावर कोण? दोन दिवसांच्या बुद्ध-भीमगीत महोत्सवासाठी कलावंतांची ओळख

अर्जुनी मोरगाव : जयंती असो, धम्म मेळावा असो की बुद्ध विहाराचा वर्धापन दिन, आपल्या भागात गाण्याशिवाय कार्यक्रम पूर्ण होत नाही. समितीची बैठक बसली की पहिला प्रश्न निघतो, "पार्टी कोणाची आणायची?" दोन-चार नावे पुढे येतात, यूट्यूबवर कोणाला किती व्ह्यूज आहेत ते पाहिले जाते, सुपारी ठरते आणि पत्रक छापायला जाते. पत्रकावर गायकाचा मोठा फोटो असतो. ज्याने गाणे लिहिले त्याचे नाव नसते, ढोलकी वाजवणाऱ्याचे नसते आणि गावातल्या ज्या मंडळाने सुरुवातीचा तासभर गायले त्याचे तर नसतेच.

आता अनेक ठिकाणी युवा मंडळे एका रात्रीच्या कार्यक्रमाऐवजी शनिवार-रविवार असा दोन दिवसांचा गीतमहोत्सव करू पाहत आहेत. अशा वेळी कलावंतांची यादी केवळ प्रसिद्धीवर ठरू नये. आपल्या गाण्याची परंपरा किमान नव्वद वर्षांची आहे आणि तिच्यात वेगवेगळ्या प्रकारचे कलावंत आहेत. कोणता प्रकार कोठून आला, त्यातील प्रमुख नावे कोणती आणि दोन दिवसांत त्यांना जागा कशी द्यायची, याची माहिती कार्यकर्त्यांना एकत्र मिळावी म्हणून हा लेख.

१. जलसाकार

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या चळवळीतून सत्यशोधकी जलसे उभे राहिले आणि पुढे त्याच वाटेने आंबेडकरी जलसा आला. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्याच काळात नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे जलसा मंडळ गावोगाव फिरू लागले. केरूबा गायकवाड, केरू अर्जुन घेगडे हेही त्या पिढीतले जलसाकार.

जलशाने तमाशाचा सांगाडा घेतला आणि आशय बदलला. गणात गणपतीऐवजी बाबासाहेबांचे स्तवन आले. गौळणीतील कृष्ण आणि गवळणींची थट्टा गेली. फार्स आणि संवादांतून शिक्षण, पाणवठा, मृत मांस सोडणे, सावकारी असे विषय मांडले जाऊ लागले. आपल्या दहा सभांइतके काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा आशयाचे बाबासाहेबांचे उद्गार आजही सांगितले जातात. ज्या समाजाला तेव्हा वाचता येत नव्हते, त्याच्यापर्यंत 'जनता' पत्रातील विचार या मंडळींनी ढोलकीवर पोहोचवला. कर्डकांनी या सगळ्याची नोंद 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' या पुस्तकात केली आहे. जलसा बसवू इच्छिणाऱ्या तरुणांनी तेथूनच सुरुवात करावी.

२. लोककवी

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत कष्टाची कामे करताना मोठेपणी त्यांनी अक्षरओळख करून घेतली आणि १९४३ पासून गाणी लिहू लागले. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' हे त्यांचे गीतसंग्रह. वामनदादा स्वतः गात गावोगाव फिरले, विदर्भातही फिरले. आज कोणत्याही कार्यक्रमात दहा गाणी झाली तर त्यांतली काही वामनदादांची असतात. निवेदक मात्र ते सांगत नाही.

हरेंद्र जाधव, प्रभाकर पोखरीकर, लक्ष्मण राजगुरू ही याच मालिकेतली नावे. आपल्या विदर्भात राजानंद गडपायले यांची गाणी वस्तीवस्तीत पाठ आहेत. अमरावतीत जन्मलेले गझलकार सुरेश भट यांनीही भीमवंदना लिहिली. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता.

३. कव्वाल आणि गायक

जलशानंतर मंच गाजवला तो कव्वालीने. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर यांच्यासारख्या कव्वालांनी हा प्रकार लोकप्रिय केला. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचा आवाज विठ्ठलाच्या गाण्यांतून घराघरात गेला आणि तोच आवाज भीमगीते व कव्वालीतही गाजला. वामनदादा आणि प्रल्हाददादा दोघेही २००४ या एकाच वर्षी गेले. आनंद शिंदे आणि मिलिंद शिंदे यांनी कॅसेटच्या काळात हा वारसा पुढे नेला. तिसऱ्या पिढीतील आदर्श शिंदे चित्रपट आणि दूरचित्रवाणीपर्यंत पोहोचले.

विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांना एका खान्यात बसवता येत नाही. लोकशाहिरी, कव्वाली, 'जांभूळ आख्यान', चित्रपट या सगळ्यांत ते वावरले. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवरील कार्यक्रमात मंचावरच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे कव्वालीचा 'दुय्यम सामना' ठरलेला असतो. गायक आणि गायिका अशा दोन पार्ट्या समोरासमोर, हार्मोनियम, ढोलक, बँजो आणि कोरस घेऊन. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातून जवाब द्यायचा. हा प्रकार इतिहास आणि धम्म शिकवायला उत्तम आहे. पण रात्र चढली की सवाल-जवाब बाई-पुरुषाच्या चिडवाचिडवीवर घसरतो, हेही आपण पाहतो. जलसाकारांनी जे मंचावरून काढून टाकले तेच पुन्हा येऊ द्यायचे का, हे समितीने पार्टी ठरवतानाच स्पष्ट सांगावे.

४. झाडीपट्टीचे कलावंत

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीला कलावंत बाहेरून आयात करण्याची गरज नाही. दिवाळीनंतर धान घरात आले की येथे मंडई, शंकरपट आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे नाट्यमंडळांचे मुख्य केंद्र. गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावर अर्जुनी आणि वडसा दोन्ही स्थानके आहेत. झाडीपट्टी रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. चंद्रपूरचे अनिरुद्ध वनकर यांनी झाडीपट्टीचे नाटक आणि प्रबोधनाचे गाणे दोन्ही सांभाळले आहे.

येथे एक व्यवहाराची गोष्ट लक्षात घ्यावी. नाटकांचा हंगाम होळीच्या सुमारास ओसरतो आणि १४ एप्रिलची जयंती त्यानंतर येते. म्हणजे ज्या वेळी आपल्याला वादक आणि गायक हवे असतात, त्याच वेळी झाडीपट्टीतल्या कलावंतांच्या हाताला काम कमी असते. ऑर्गन, ढोलकी, तबला वाजवणारे अनुभवी लोक तासा-दोन तासांच्या अंतरावर असताना आपली वर्गणी डीजेच्या भिंतीवर जाते. दंडार आणि खडी गंमत करणारे जुने कलावंत तर पत्रकावर दिसतच नाहीत.

५. विद्रोही शाहीर

११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळा विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण मृत्युमुखी पडले. त्या धक्क्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा माहितीपट तेथून सुरू होतो. महोत्सवात दुपारी दाखवण्यासारखा तो आहे.

संभाजी भगत यांनी शाहिरी नाटक आणि चित्रपटात नेली. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक आणि 'कोर्ट' हा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपट यांत त्यांचे संगीत आहे. 'कोर्ट'मध्ये शाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. शीतल साठे आणि सचिन माळी कबीर कला मंचातून पुढे आले आणि आता नवयान महाजलसा चालवतात. 'जलसा' हा शब्द नव्वद वर्षांनी तरुणांनी पुन्हा उचलला, ही मोठी गोष्ट आहे.

६. महिला आणि नवे आवाज

जुन्या जलशात स्त्रीची भूमिकाही पुरुष करत. पुढे सुषमादेवींसारख्या गायिकांनी मंच स्वतःच्या नावावर मिळवला. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात केवळ एकतारीवर गात मोबाइलमधून महाराष्ट्रभर पोहोचल्या. त्यांच्यामागे कंपनी नव्हती, मोठा संच नव्हता.

अमरावतीचे विपीन तातड यांच्यासारखे तरुण रॅपमधून जातीचा प्रश्न मांडतात. पंजाबात गिन्नी माही, तामिळनाडूत द कास्टलेस कलेक्टिव्ह हेच काम करतात. चेन्नईत डिसेंबरमध्ये शास्त्रीय संगीताचा मोसम असतो. त्याच दिवसांत पा. रंजित यांच्या नीलम संस्थेने २०२० पासून 'मार्गळियिल मक्कळ इसै' हा लोकसंगीताचा महोत्सव सुरू केला. पराई वाजवणारे, गाना गाणारे, मर्तिकाची गाणी म्हणणारे कलावंत त्यात मुख्य मंचावर बसले. ज्यांना कोणी 'कलावंत' म्हणत नव्हते त्यांचीच यादी करून महोत्सव उभा राहू शकतो, हे तेथे दिसले. अर्जुनीला हे अवघड नाही.

दोन दिवसांचा नमुना आराखडा

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. वर्षातील ठरावीक दिवशीच शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देते. त्यामुळे रात्रभर चालणारा सामना आता दिवसात बसवावा लागेल.

- शनिवार, सायंकाळी ५.३० : त्रिसरण-पंचशील, गावातील महिला मंडळाचे गायन. हे 'लोक जमेपर्यंत' नसावे, पत्रकावर वेळेसह असावे.
- ६.३० : युवकांनी बसवलेला ४५ मिनिटांचा जलसा.
- ७.३० ते ९.४५ : मुख्य गायक किंवा गायिकेचा कार्यक्रम. निवेदकाने प्रत्येक गाण्याआधी गीतकाराचे नाव सांगावे.
- रविवार, सकाळी १० : नव्या कवींची गीतलेखन कार्यशाळा. ज्येष्ठ कलावंतांची मुलाखत आणि तिचे चित्रीकरण.
- दुपारी २ : माहितीपट आणि चर्चा.
- ४ : रॅप, गिटार, बँड, शाळा-महाविद्यालयातील मुले-मुली.
- ६ ते ९.४५ : दुय्यम कव्वाली. विषय आधी ठरवून द्यावेत, उदाहरणार्थ बावीस प्रतिज्ञा, महाडचा सत्याग्रह, हिंदू कोड बिल. १९५४ ची भंडारा लोकसभा पोटनिवडणूकही घेता येईल. ती बाबासाहेबांनी लढवली आणि त्यात त्यांचा पराभव झाला. तेव्हा आपला भाग भंडारा जिल्ह्यातच होता.

गाणी निवडताना एक साधी कसोटी लावावी. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, असे बावीस प्रतिज्ञा सांगतात. मग बाबासाहेबांना अवतार किंवा चमत्कार करणारा देव बनवणारे गाणे आपल्या मंचावर का वाजते, हे गायकाला आदराने विचारायला हरकत नाही.

पत्रकावरच्या नावाची किंमत

नाव छापणे हा केवळ मानाचा प्रश्न नाही. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार लेखकाला आपले लेखकपण सांगण्याचा हक्क आहे आणि गीताचा कॉपीराइट कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आहेत. हौशी मंडळाने विनातिकीट कार्यक्रमात गाणे म्हटले तर कायदा आडवा येत नाही. ध्वनिमुद्रण करून ते चॅनेलवर टाकणे आणि त्यातून कमाई करणे ही मात्र वेगळी बाब आहे. तेथे परवानगी लागते.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे. तीत पात्र कलावंताला महिन्याला ५,००० रुपये मिळतात. त्यासाठी वय साधारण ५० वर्षांपुढे आणि कलाक्षेत्रातील किमान १५ वर्षांचे काम लागते, शिवाय उत्पन्नाची अट आहे. पंधरा वर्षांचे काम सिद्ध कशाने करायचे? जुनी पत्रके, बातम्यांची कात्रणे, प्रमाणपत्रे यांनीच. आयुष्यभर जयंतीत ढोलकी वाजवलेल्या माणसाचे नाव एकाही पत्रकावर नसेल, तर अर्ज करताना त्याच्याकडे दाखवायला काहीच राहत नाही. आपण जागा वाचवण्यासाठी जे नाव गाळतो, ते त्याच्या म्हातारपणाचा आधार असू शकते.

म्हणून समित्यांनी तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. पत्रकावर गायकाबरोबर गीतकार, वादक आणि स्थानिक मंडळाचे नाव छापावे. कार्यक्रमानंतर प्रत्येक कलावंताला तारखेसह सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र द्यावे. पत्रकाच्या दोन प्रती विहाराच्या ग्रंथालयात जपून ठेवाव्यात.

मोठा गायक जरूर आणा, लोक त्याच्यासाठी येतात. पण ज्यांच्या शब्दांवर आणि ठेक्यावर तो उभा आहे, त्यांची नावे त्याच पत्रकावर, वाचता येतील एवढ्या अक्षरांत येऊ द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!