नोकरी, संसार आणि पुन्हा कॉलेज : एका प्राध्यापकाने पुन्हा विद्यार्थी होण्याची गोष्ट

१/१२
‘आता शिकायचे वय राहिले आहे का?’ आमच्या बीबीत (ता. लोणार, जि. बुलढाणा) नोकरी-संसारात पडलेल्या माणसाने पुन्हा प्रवेश घेतला, की हा प्रश्न हमखास येतो. हा थ्रेड आहे १९२० साली नोकरी सोडून पुन्हा कॉलेजात गेलेल्या एका गृहस्थाविषयी. नाव सर्वांच्या परिचयाचे : भीमराव रामजी आंबेडकर.

२/१२
आधी थोडी पार्श्वभूमी. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले.

३/१२
लंडन विद्यापीठाने मात्र एक सवलत दिली होती : चार वर्षांच्या आत परत आल्यास अभ्यास पुढे चालू ठेवता येईल. म्हणजे दार उघडे होते, पण त्याला मुदत होती. मोठेपणी शिकणाऱ्या प्रत्येकाला ही मुदतीची टांगती तलवार ओळखीची असते.

४/१२
नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये; त्या काळी चांगलाच. तरीही बिऱ्हाड परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतच राहिले. घरखर्चाला ठरावीक रक्कम द्यायची आणि उरलेले लंडनसाठी साठवायचे, असा हिशेब होता.

५/१२
येथे जरा थांबू. वय २८. पत्नी रमाबाई. मुलगा यशवंत सात वर्षांचा. हाती प्रतिष्ठेची नोकरी. जानेवारी १९२० मध्ये ‘मूकनायक’ही सुरू झालेले. व्यवहारी माणसाने कोणता सल्ला दिला असता, हे सांगायला नको. मार्च १९२० मध्ये त्यांची सिडनहॅममधील नोकरी संपली. त्यांनी ती सोडली.

६/१२
साठवलेला पैसा पुरेसा नव्हता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. कोलंबियापासूनचे पारशी स्नेही नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले. जुलै १९२० मध्ये त्यांनी लंडनकडे प्रयाण केले. सवलतीच्या चार वर्षांपैकी तीन सरली होती.

७/१२
१९२१ साली एम.एस्सी. झाली. विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्य वित्तव्यवस्थेचे प्रांतिक विकेंद्रीकरण. सोबतच ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास चालू होता. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध सादर झाला.

८/१२
मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंध पुन्हा लिहायला सांगितला. तोवर हातचा पैसा संपत आला होता. एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, प्रबंध येथेच सुधारला आणि लंडनला पाठवला. तो मान्य झाला आणि १९२३ सरण्यापूर्वी डी.एस्सी. मिळाली.

९/१२
या तीन वर्षांत परळचे घर रमाबाईंनी ओढले. पदवीच्या कागदावर एकाच विद्यार्थ्याचे नाव असते. फी मात्र सारे घर भरत असते, कधी पैशाने, कधी एकटेपणाने. हा वाटा नोंदवल्याशिवाय प्रौढ शिक्षणाचा इतिहास पुरा होत नाही.

१०/१२
आता या कथेचा कमी सांगितला जाणारा भाग. १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. वर्ग सकाळी भरत. कारण साधे : विद्यार्थ्याला शिकून दिवसा नोकरी करता यावी. ज्या निवडीसाठी त्यांना स्वतःची नोकरी सोडावी लागली होती, ती निवड पुढच्यांसमोर उभीच राहू नये, अशी सोय या वेळापत्रकात होती.

११/१२
ही कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा चालवली होती. बाबासाहेबांनी तेच सूत्र महाविद्यालयापर्यंत नेले. पुढे १९८२ साली हैदराबादला देशातील पहिले मुक्त विद्यापीठ सुरू झाले. १९९१ पासून त्याला डॉ. आंबेडकरांचे नाव आहे. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले आणि नोकरी, शेती, चूल सांभाळून पदवी घेण्याची वाट खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली.

१२/१२
प्रौढ विद्यार्थ्याचे कौतुक करताना आपण त्याच्या जिद्दीविषयी फार बोलतो. जिद्द तर १९२० सालीही होती. तरी नोकरी सोडावी लागली, कर्ज काढावे लागले, घराला तीन वर्षे सोसावे लागले. १९४६ साली बदलली ती कॉलेजची वेळ. म्हणून गावात कोणी चाळिशीत पुस्तक उघडले, तर वय विचारू नये. त्याच्या कामाच्या वेळेत बसणारा वर्ग जवळपास कोठे भरतो, हे विचारावे.