माणसांची मोजणी

आमच्या पिंगळीत मोजणी म्हटलं की शेताचा बांध आठवतो. मोजणीदार येणार, खुणा ठोकणार, दोन भाऊ दोन बाजूंना तोंड फिरवून उभे राहणार. २०२० साली आशाताई घरोघर जाऊन माणसांचा ताप आणि ऑक्सिजन मोजायला लागल्या, तेव्हा पारावरचं एक म्हातारं म्हणालं, "आता माणसालाबी खुणा ठोकायलेत काय?" लोक हसले, पण हसण्याखाली भीती होती.

खरं तर आजार मोजणं आमच्या घरांना नवं नव्हतं. त्याला आकडे नव्हते, एवढंच. माझी आई हाताची मागची बाजू कपाळाला लावायची. अंग कोमट आहे, अंग तापलंय आणि अंगाचा फुफाटा झालाय, अशा तिच्या तीन पायऱ्या होत्या. तिसऱ्या पायरीला बैलगाडी जुंपली जायची. म्हातारं माणूस घागर आणताना वाटेत कुठं टेकलं, अर्ध्या भाकरीची चतकोर कधी झाली, लेकरानं अंगावर पिणं का सोडलं, हे सगळं बायांच्या ध्यानात असायचं. दवाखाना लांब होता म्हणून नजर जवळ ठेवावी लागे.

आजी मानमोडीचं सांगायची. तिनं ते तिच्या आईकडून ऐकलेलं. १९१८ चा तो इन्फ्लुएंझा. त्याच साली पाऊसही रुसला होता. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. गाठीच्या तापाच्या, म्हणजे प्लेगाच्या गोष्टीत तर एकच उपाय असायचा. घरात उंदीर मरून पडले की गाव सोडायचं आणि रानात झोपड्या घालून राहायचं. आजीच्या एकाही गोष्टीत आजारी माणसाच्या दारात कुणी तपासायला आल्याचं मी ऐकलं नाही.

इंग्रजांच्या मुलखात तपासणारे आले, तेव्हा काय झालं ते पुण्यानं पाहिलं. १८९७ साली रँडच्या प्लेग कमिटीनं गोरे सोजीर घराघरांत घातले. ते देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरले, संशयित माणसं उचलून नेली. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच सालचा साथरोग कायदा महाराष्ट्रानं मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला. कायदा तोच राहिला. उंबऱ्यापाशी येणारं माणूस मात्र मधल्या सव्वाशे वर्षांत बदललं होतं.

त्या बदलाचा काही भाग मी स्वतः पाहिलाय. माझ्या लहानपणी गावात हिवतापाचा कर्मचारी यायचा. 'मलेरियावाला आला' म्हटलं की आम्ही पोरं कडब्याच्या गंजीमागं लपायचो. घरात कुणाला थंडी वाजून ताप आला का, एवढंच तो विचारायचा. असला कुणी, तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायचा आणि भिंतीवरच्या चौकटीत तारीख टाकून सही करायचा. घरी येऊन केलेली तपासणी म्हणजे काय, हे आमच्या पिढीला त्या काचपट्टीनं शिकवलं. पुढं भिंतींवर अक्षरं आली, 'देवीचा रोगी कळवा, १००० रुपये मिळवा'. देवीचा शेवटचा रोगी देशात १९७५ साली सापडला. अक्षरं मात्र कित्येक वर्षं भिंतींवर राहिली. आमच्या पोरांनी त्यांच्यावरूनच वाचायचा सराव केला.

मलेरियावाला तरी सरकारी नोकर, बाहेरगावचा. गावातल्याच बाईच्या हाती तपासणी द्यायची, हे धाडस काही डॉक्टरांनी केलं. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं लेकरांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पाटी वापरली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं, तर न्यूमोनिया. शंभरापर्यंत मोजता न येणारी बाईसुद्धा त्यानं लेकराचा जीव वाचवू शकत होती. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावोगाव आशा नेमल्या गेल्या. आशा म्हणजे बहुतेक गावातलीच सून. तिला घरं ठाऊक, भांडणं ठाऊक, कोण काय लपवतं तेही ठाऊक.

मार्च २०२० मध्ये रेल्वे थांबली. परभणी सोडून पूर्णेकडं निघालं की पहिलं स्टेशन आमचं. ज्या गाड्यांच्या आवाजावर बाया चुली पेटवायच्या, त्या गाड्याच बंद झाल्या. पुण्या-मुंबईकडं कामाला गेलेली पोरं मिळेल त्या वाहनानं परतली. मग १५ सप्टेंबरला राज्यभर 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली आणि २५ ऑक्टोबरपर्यंत चालली. एका पथकात एक आरोग्य कर्मचारी किंवा आशा आणि दोन स्वयंसेवक. दिवसाला पन्नास घरं. प्रत्येकाचा ताप, ऑक्सिजन, शिवाय शुगर, बीपी, दमा आहे का याची नोंद.

लोकांनी यंत्रांना लगेच नावं दिली. कपाळासमोर धरायची ती बंदूक, बोटाला लावायचा तो चिमटा. अफवाही तेवढ्याच लगेच आल्या. नंबर खाली आला की गाडी येते, माणूस नेते आणि प्लॅस्टिकात बांधून परत देतेत, असं लोक बोलायचे. दूरवरच्या शहरांतली प्रेतं मोबाइलवर पाहिलेल्या माणसांना ते खोटं कसं वाटावं? काही घरं आशाताईंची चाहूल लागली की आखाड्यावर निघून जायची. पणजोबाच्या काळात प्लेगाला भिऊन रानात गेले, आता चिमट्याला भिऊन चालले होते.

तो चिमटा मोठा हुशार. बोटातून लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, असे दोन प्रकाश पाठवून रक्तात प्राणवायू किती ते तो ओळखतो. त्यामागचं तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानं १९७४ साली मांडलं. सगळं जग त्याचं यंत्र बोटाला लावून बसलं असताना, १८ एप्रिल २०२० रोजी तो वारला. पण चिमटा फसतोही. बोट गार असेल, नखाला रंग असेल, हात हलत असेल, तर आकडा चुकतो. काळ्या कातडीवर तो कधी कधी आहे त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतो, हे अमेरिकेतल्या रुग्णांवरून २०२० च्या डिसेंबरात पुढं आलं. उन्हात राबणाऱ्या आमच्या माणसांनी ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट.

२०२१ च्या एप्रिलात त्या आकड्याची किंमत आमच्या घराला कळली. थोरल्या वहिनींना दोन दिवस कणकण होती. आशाताई आल्या तेव्हा वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होत्या. चिमट्यात आकडा आला ८९. वहिनी म्हणाल्या, "तुझं यंत्र बिघडलंय माय. मला कुठं दम लागायलाय?" आशाताईंनी त्यांचे हात धुवायला लावले, बोटं चोळून गरम केली, दुसऱ्या बोटाला चिमटा लावला आणि आकडा थिरावेपर्यंत थांबल्या. पुन्हा ८९. मग तोच चिमटा स्वतःच्या बोटाला लावून दाखवला. ९७. "यंत्र बरं हाय काकू. तुम्ही उठा." दम न लागताच ऑक्सिजन उतरतो, ही या आजाराची लबाडी होती. आईच्या तीन पायऱ्यांत ती कधी सापडली नसती.

पण आकडा कळला म्हणजे माणूस वाचला, असं नव्हतं. परभणीत त्या रात्री पुतण्या तीन दवाखाने फिरला, तेव्हा चौथ्यात ऑक्सिजनची खाट मिळाली. वहिनी बाराव्या दिवशी घरी आल्या. त्याच आठवड्यात आमच्या आळीतलं एक माणूस आखाड्यावरच राहिलं, तपासून घेतलं नाही. चौथ्या दिवशी त्याला उचलून आणलं, तेव्हा मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोघांचं वय सारखं होतं, आजारही तोच होता. वहिनींना तीन दिवस आधी कळलं, एवढाच फरक.

मग तपासणीचं पाकीटच बाजारात आलं. पुण्याच्या मायलॅबच्या 'कोविसेल्फ' किटला मे २०२१ मध्ये परवानगी मिळाली. किंमत २५० रुपये. नाकात काडी फिरवायची, द्रवात बुडवायची, थेंब पट्टीवर टाकायचे आणि पंधरा मिनिटं थांबायचं. २०२२ च्या जानेवारीत तिसरी लाट आली, तेव्हा पुण्यातल्या नातवानं दोन पाकिटं पाठवली. शहरातल्या माणसाला ते सोयीचं होतं. रांग नाही, कुणाला कळणं नाही. पण आमच्याकडं निंदायला जाणाऱ्या बाईचा दिवसाचा रोज तेवढा भरायचा नाही. शिवाय पट्टीवर एकच रेघ आली आणि ताप मात्र आहे, तर दवाखान्यात जाऊन पुन्हा तपासावं लागतं, हे पाकिटातल्या कागदावर असलं तरी तो कागद वाचून समजावणारं कुणी लागतंच.

म्हणून मला वाटतं, त्या दोन वर्षांचा इतिहास लिहिताना यंत्रांच्या आधी ती धरणाऱ्या हातांचं लिहावं. सोजिराच्या हाती तपासणी होती तेव्हा दारं बंद झाली. गावच्या सुनेच्या हाती आली तेव्हा उशिरा का होईना, बरीचशी उघडली. त्या सुनांना पगार नव्हता, कामागणिक मोबदला होता. १५ जून २०२१ पासून त्यांना राज्यभर संप करावा लागला, तेव्हा कुठं मानधनात हजार रुपये आणि कोविडसाठी पाचशे रुपये वाढले. पुढच्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. आमच्या आशाताईंना ती बातमी मीच वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "चांगलं झालं सर," आणि पिशवीतून शुगर-बीपीच्या तपासणीचा फॉर्म काढून विचारलं, "तुमचं वय काय लिहू?"