जलसंजीवनी : अतिसारावर तोंडावाटे द्यावयाचा उपचार

अतिसार झालेल्या बालकाच्या जिवाला मुख्य धोका असतो तो शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने निघून जाण्याचा. ही झीज तोंडावाटे भरून काढणारे मीठ, साखर व पाण्याचे मोजून केलेले द्रावण म्हणजे जलसंजीवनी, अर्थात ओआरएस. औषधांच्या दुकानात सहज मिणाऱ्या या पुडीचे सामर्थ्य निर्वासितांच्या गर्दीत सिद्ध झाले, याचे स्मरण आज फारसे राहिलेले नाही.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेजवळील बनगाव येथे पटकीची (कॉलरा) साथ उसळली. रुग्णालयात या रुग्णांसाठी जेमतेम १६ खाटा होत्या. उरलेले रुग्ण जमिनीवर पडून होते. शिरेवाटे द्यावयाच्या सलाईनचा साठा संपत आला. अशा वेळी बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनाबिस यांनी एक लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण तयार करवून घेतले आणि ते रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती सोपवले. परिचारिका पुरेशा नव्हत्या. पेल्याने पाणी पाजणे मात्र कोणालाही जमणारे होते. ३० टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर या उपचाराखाली ३.६ टक्क्यांवर आला. महालनाबिस यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

हा उपचार अचानक सुचलेला नव्हता. कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच मीठ-ग्लुकोजच्या द्रावणाचा प्रयोग प्रसिद्ध केला होता, तर १९६८ मध्ये ढाका येथे डेव्हिड नेलिन व रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या रुग्णांवर त्याची शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. त्यामागील तत्त्व असे की, लहान आतड्यात सोडियम व ग्लुकोज एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात आणि त्यांच्यापाठोपाठ पाणीही आत ओढले जाते. आजारी आतड्यातही ही वाट बहुधा खुली राहते.

मात्र त्यासाठी प्रमाण अचूक हवे. साखर अधिक झाली तर पाणी उलट आतड्याकडे ओढले जाऊन जुलाब वाढतात. म्हणूनच शीतपेये किंवा बाटलीबंद फळांचे रस हा पर्याय ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याच कारणाने. २००२ पासून प्रचलित असलेल्या सूत्रानुसार एक लिटरच्या पुडीत २०.५ ग्रॅम मिश्रण असते. पुडी अर्धी-अर्धी करून अंदाजाने वापरणे ही घरोघरी होणारी चूक होय. पुडीवर छापलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात ती संपूर्ण विरघळवावी आणि द्रावण २४ तासांत संपवावे.

दोन वर्षांखालील बालकास प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर द्रावण चमच्याने किंवा घोटाघोटाने द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा अधिक सावकाश पाजावे. स्तनपान व नेहमीचा आहार बंद करू नये. पोटाला विश्रांती म्हणून बालकाला उपाशी ठेवण्याची जुनी समजूत घातक आहे. जोडीला १४ दिवस जस्ताची (झिंक) गोळी दिली जाते : सहा महिन्यांपुढील बालकास रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बालकास १० मिलिग्रॅम.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) अतिसार झालेल्या पाच वर्षांखालील बालकांपैकी सुमारे ६१ टक्के बालकांनाच ओआरएस मिळाल्याचे आढळले.

डोळे खोल जाणे, चिमटीत धरलेली पोटाची त्वचा सावकाश पूर्ववत होणे, बालक निपचित पडणे किंवा त्याला पिता न येणे, तसेच शौचातून रक्त जाणे ही लक्षणे दिसताच बालकास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. ते शुद्धीवर असून पिऊ शकत असल्यास वाटेतही द्रावण पाजत राहावे.