मराठी मुलूख मध्यप्रदेशातून निघाला तेव्हा

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा विषय शोधण्यास आम्हांस फार दूर जावे लागले नाही. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. ५१.९ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूचे, ४८.१ टक्के राहण्याच्या बाजूचे. प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडली आणि मधली साडेतीन वर्षे त्या देशात घराघरांतून वाद झाले. आपल्याकडील मंडळी वर्तमानपत्रांत हे वाचून आश्चर्य करीत असत. सत्तेचाळीस वर्षांचा संसार असा मोडतो तरी कसा, असा त्यांचा प्रश्न. आम्हांस मात्र आश्चर्य वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. ज्या जबलपुरात बसून आपण ही चर्चा करतो, त्या जबलपूरने पंचाण्णव वर्षांचा एक संसार मोडताना पाहिला आहे, आणि त्या मोडण्यात आपण मराठी माणसे दोन्ही बाजूंना होतो, याची आठवण कोणासच झाली नाही.

हा संसार जुळला कसा, ते आधी पाहू. सागरच्या मराठी सुभेदारांनी १७८१ साली गढा-मंडल्याचे गोंड राज्य घेतले. १७९८ साली पेशव्यांनी नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांस दिले आणि १८१८ साली ते इंग्रजांकडे गेले. खुद्द नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले. पुढे १८६१ साली नागपूर आणि सागर-नर्मदा हे दोन मुलूख एकत्र करून इंग्रजांनी मध्यप्रांत निर्माण केला आणि नागपूर ही त्याची राजधानी केली. निजामाकडून घेतलेले वऱ्हाड १९०३ साली याच प्रांताच्या कारभाराला जोडण्यात आले. भाषा, वंश किंवा पूर्वपरंपरा पाहून ही जोडणी केलेली नव्हती. कारभाराची सोय, एवढेच तिचे कारण.

जबलपूरच्या उत्तरेस मझौली नावाचे गाव आहे. कलचुरी काळातील विष्णुवराहाच्या मूर्तीसाठी ते प्रसिद्ध आहे. सरकारी कामानिमित्त त्या बाजूस आमचे जाणे होते, आणि तो भव्य वराह पाहिला की एक विचार मनात येतोच. त्रिपुरीचे कलचुरी गेले, गोंड गेले, सागरचे सुभेदार, नागपूरचे भोसले, कलकत्त्याची कंपनी, नागपूरचे चीफ कमिशनर, भोपाळचे मंत्रिमंडळ, इतक्यांच्या अमलाखाली हे गाव नांदले. यांपैकी एकानेही मझौलीकरांस विचारले नव्हते. आम्ही तर केंद्र सरकारचे नोकर. राज्ये जुळोत वा मोडोत, आमच्या बदलीचे हुकूम दिल्लीहूनच यायचे! परंतु गावकऱ्याचे तसे नसते. दाखल्यासाठी कोणत्या गावी खेटे घालावे लागतात, अर्ज कोणत्या भाषेत लिहावा लागतो आणि अपील किती कोसांवर चालते, या गोष्टींवर त्याचे जगणे अवलंबून असते.

सोयीसाठी केलेल्या या जोडणीतून एकत्र जीवन मात्र खरोखरच निर्माण झाले. नागपूर विद्यापीठ १९२३ साली निघाले आणि १९४६ साली सागरचे विद्यापीठ निघेपर्यंत जबलपूरची मुले नागपूरच्याच पदव्या मिरवीत होती. भंडाऱ्याचा मालगुजार आणि जबलपूरचा मालगुजार एकाच कायद्याखाली नांदले आणि एकाच कायद्याने नाहीसे झाले. पश्चिम महाराष्ट्रात ज्यास तलाठी म्हणतात, त्यास विदर्भातील जुना माणूस अजून पटवारी म्हणतो, ही त्याच सहवासाची खूण. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे १९५० च्या कायद्याने त्या वेळच्या मध्यप्रदेशात हिंदी आणि मराठी अशा दोन राजभाषा होत्या. एका राज्याचा कारभार दोन भाषांतून चालविण्याचा तो गंभीर प्रयत्न होता. तो पुरता फसला असे म्हणण्याइतका काळही त्यास मिळाला नाही.

भांडण होते ते हिशेबाचे. वऱ्हाडची काळी जमीन कापसाची, आणि कापसाबरोबर पैसा येतो. १९०२ च्या करारानुसार वऱ्हाडबद्दल निजामास दरसाल पंचवीस लाख रुपये द्यावे लागत. ते देऊनही वऱ्हाडचा वसूल उरतो आणि तो हिंदी जिल्ह्यांवर खर्च होतो, अशी वऱ्हाडची तक्रार होती. तिच्या निवारणासाठी १९२० नंतरच्या दशकात ‘सिम सूत्र’ आले. वाटणीयोग्य खर्चाचे पाच हिस्से करावेत, त्यांतील दोन वऱ्हाडास आणि तीन मध्यप्रांतास द्यावेत, असे त्याचे स्वरूप होते. अशी सूत्रे भांडण मिटवीत नाहीत, त्याला आकडे पुरवतात. ब्रिटनमध्येही आठवड्याला पस्तीस कोटी पौंड ब्रुसेल्सला जातात, असा आकडा एका मोटारीवर रंगवून देशभर फिरविला गेला. त्यातून परत मिळणारी रक्कम वजा केलेली नाही, हे सांगणारे सांगत राहिले. पण मोटारीवरच्या आकड्यापुढे वजाबाकी कोण करतो?

हिशेबाला राजकारणाची जोड मिळाली ती १९३८ साली. काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनापासूनच या प्रांतात तीन प्रांतिक समित्या केल्या होत्या: नागपूरची मराठी, अमरावतीची वऱ्हाडी आणि जबलपूरची हिंदी, म्हणजेच पुढचे महाकोशल. घर एक आणि चुली तीन, असा हा प्रकार. डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले, पण महाकोशलच्या मंत्र्यांशी त्यांचे पटेना. जुलै १९३८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पं. रविशंकर शुक्ल, पं. द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता यांनी राजीनामे देण्याचे नाकारले, आणि अखेर शुक्लजी मुख्यमंत्री झाले. या प्रकरणात बरोबर कोण आणि चूक कोण, याचा निवाडा आम्ही करणार नाही. एवढे मात्र खरे, की त्या उन्हाळ्यानंतर मराठी पुढाऱ्यांच्या मनातून हा प्रांत उतरला. त्याच वर्षी विधानसभेने स्वतंत्र महाविदर्भाचा ठराव संमत केला. ठराव मांडणारे होते रामराव देशमुख.

येथून पुढे जो वाद झाला, त्याकडे वाचकांनी बारकाईने पाहावे अशी आमची विनंती आहे. मध्यप्रदेशातून बाहेर पडावे की न पडावे, हा त्या वादाचा विषयच राहिला नाही. बाहेर पडायचे हे जणू ठरलेले होते. वाद होता तो बाहेर पडून जायचे कोठे, याचा. ब्रिटनमध्ये आधी बाहेर पडण्याचे ठरले आणि मग कोठे व कसे, यावर तीन पंतप्रधान खर्ची पडले. आपल्याकडे कोठे, यावरच दहा वर्षे गेली, आणि ‘पडावे काय?’ हा प्रश्न मोठ्याने कोणी विचारलाच नाही.

दोन्ही पक्षांत थोर माणसे होती. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची हाक दिली गेली. त्या संमेलनाचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर हे नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक होते. म्हणजे मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्यांच्या अग्रभागी एक नागपूरकर होता. उलट पक्षी लोकनायक बापूजी अणे यांच्यासारखा टिळकांचा अनुयायी स्वतंत्र विदर्भाचा पुरस्कर्ता. त्यांच्या मराठीपणाबद्दल शंका घेण्याची कोणाची छाती होती? ब्रिजलाल बियाणी यांचे घराणे मूळचे राजस्थानी. त्यामुळे विदर्भाची मागणी ही शेठजींची मागणी आहे, असे टोमणे त्यांस ऐकावे लागले. हे टोमणे अन्यायाचे होते असे आमचे मत आहे, कारण मागणीतील युक्तिवाद जुन्या जमाखर्चावर उभा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५५ साली भाषिक राज्यांवरील आपल्या पुस्तकात मराठी मुलुखाचे एकाहून अधिक भाग करावेत, असे मत मांडले. एक भाषा म्हणजे एकच राज्य, हे त्यांस मान्य नव्हते.

संयुक्त महाराष्ट्रवाद्यांचे म्हणणे असे, की शतकानुशतके विखुरलेला मराठी समाज एकत्र येण्याची ही एकच संधी आहे आणि ती वसुलाच्या हिशेबापायी दवडू नये. विदर्भवाद्यांचे उत्तर असे, की मुंबई नागपूरपासून आठशेहून अधिक किलोमीटरवर आहे, तेथील सत्ता पुण्या-मुंबईकडचे लोक चालवतील, आणि राजधानी गमावलेले नागपूर एक मोठे खेडे होऊन बसेल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, म्हणून तडजोडीचे प्रयत्न होत राहिले. ऑगस्ट १९४७ मध्ये अकोला करार झाला. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. त्यात विधिमंडळाचे वर्षाकाठी एक अधिवेशन नागपुरात भरवावे, उच्च न्यायालयाचे पीठ तेथे असावे आणि नोकऱ्यांत व शिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा असावा, अशी कलमे होती. या करारावर यशवंतराव चव्हाण आणि भाऊसाहेब हिरे यांच्याबरोबर सही करणाऱ्यांत १९३८ चे तेच रामराव देशमुख होते. पंधरा वर्षांत त्यांचे मत बदलले. कोणी यास संधिसाधूपणा म्हटले असेल. आम्हांस मात्र तो प्रश्नच तसा अवघड होता, याचे हे गमक वाटते.

फाजल अली आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी आपला अहवाल दिला आणि आठ मराठी जिल्ह्यांचे, सुमारे ७६ लाख वस्तीचे, स्वतंत्र विदर्भ राज्य सुचविले. संसदेने ते मानले नाही. १९५६ च्या ऑगस्टमध्ये विशाल द्विभाषिक मुंबई राज्याचा तोडगा निघाला आणि विदर्भ त्यात गेला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवशी नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती. अठरा दिवसांनी ती राहिली नाही.

आता उरलेल्या चौदा जिल्ह्यांकडे वळू, कारण आपण तेथले. सौंसर, मुलताई, भैंसदेही, बऱ्हाणपूर येथील मराठी वस्तीवर महाराष्ट्राच्या बाजूने हक्क सांगितला गेला होता, पण जिल्हा हा घटक न मोडण्याच्या धोरणापुढे तो टिकला नाही. जबलपूर, सागर, मंडला येथे पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांची तर गोष्टच निघाली नाही. त्यांनी घर बदलले नाही, नोकरी बदलली नाही. ३१ ऑक्टोबरच्या रात्री झोपताना ती दोन राजभाषांपैकी एका भाषेची माणसे होती. सकाळी उठली ती अल्पसंख्य होऊन. १९५७ च्या राजभाषा कायद्याने नव्या मध्यप्रदेशाची भाषा हिंदी झाली. हिंदी शेजाऱ्यांनी आपल्याशी वाईट वर्तन केले असे मात्र कोणी म्हणू नये. तसे घडले नाही. तक्रार आहे ती आपल्याच लोकांबद्दल. अकोल्यात आणि नागपुरात करार लिहिताना निधी, नोकऱ्या, न्यायपीठ या सर्वांचा विचार झाला, आणि मागे राहणाऱ्या मराठी माणसाबद्दल एक ओळ लिहिली गेली नाही. ब्रिटनच्या मतदानातही पंधरा वर्षांहून अधिक काळ परदेशी राहिलेल्या ब्रिटिश नागरिकांस मत नव्हते. फ्रान्स-स्पेनमध्ये घरे करून राहिलेल्या ज्यांच्यावर निकालाचा परिणाम सर्वाधिक व्हायचा, त्यांपैकी पुष्कळ जण मतपेटीपासून दूर राहिले.

तेथे निदान मतपेटी होती. मराठी परिसरात असा कौल एकदाच घेतला गेला, आणि तो गोव्यात. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. १,७२,१९१ मते वेगळे राहण्यास, १,३८,१७० विलीनीकरणास. मराठीप्रेमी मंडळींना हा निकाल कडू लागला, परंतु त्यानंतर तो प्रश्न मिटला. विदर्भाचा मिटला नाही. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला असता विदर्भाने तिला सावरले. मात्र १९६२ साली नागपूरने बापूजी अण्यांस अपक्ष म्हणून लोकसभेवर धाडले. दोन्ही निकालांचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावला. १९५६ च्या घटनादुरुस्तीत ज्या विकास मंडळाची तरतूद झाली, ते विदर्भात स्थापन व्हायला १९९४ साल उजाडले.

आणि जबलपूर? आयोगाने नव्या मध्यप्रदेशाची राजधानी म्हणून जबलपूरचेच नाव सुचविले होते. राजधानी झाले भोपाळ, जे त्या वेळी सीहोर जिल्ह्यातील एक शहर होते आणि ज्याचा स्वतंत्र जिल्हा व्हायला १९७२ साल यावे लागले. जबलपूरच्या वाट्यास आले उच्च न्यायालय. त्यातही एक मौज आहे. कायद्याच्या दृष्टीने १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरचे उच्च न्यायालय बंद पडले नाही. तेच मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय ठरले आणि त्याचे मुख्य पीठ जबलपुरास आले. नागपुरात मुख्य न्यायाधीश असलेले न्यायमूर्ती हिदायतुल्ला जबलपुरातही त्याच आसनावर बसले, आणि नागपूरला मुंबईच्या न्यायालयाचे पीठ मिळाले. त्यामुळे नागपूर उच्च न्यायालयाचा १९५६ पूर्वीचा एखादा निवाडा जबलपुरात वाचला जातो, तेव्हा तो परराज्याचा म्हणून वाचला जात नाही. तो त्याच न्यायालयाचा पूर्वीचा निवाडा असतो.