डिजिटल छायाचित्रांचे जतन : जुळ्या डिस्क आणि बॅकअप

स्नानसंस्कार, प्रथम ख्रिस्तप्रसाद, विवाह, गुरुदीक्षा, धर्मग्रामाचा सण : आपल्या श्रद्धाजीवनाचे असे असंख्य प्रसंग पूर्वी कागदी अल्बममध्ये आणि निगेटिव्हच्या पाकिटात जपले जात. आज ते संगणकात, मोबाईलमध्ये वा एखाद्या हार्ड डिस्कवर असतात. कागदाचे छायाचित्र पिवळे पडते, कोपरे झिजतात. पण तरीही ते दिसत राहते. डिजिटल छायाचित्राचे तसे नसते. डिस्क बंद पडली की आदल्या दिवसापर्यंत सुस्पष्ट दिसणारी हजारो छायाचित्रे एका क्षणात नाहीशी होऊ शकतात. निधनवार्तेसाठी आई-वडिलांचे एक चांगले छायाचित्र शोधताना अनेक कुटुंबांना ही उणीव प्रथमच जाणवते आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून या विषयाची आवश्यक माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

मिररिंग म्हणजे काय?

हार्ड डिस्कमध्ये वेगाने फिरणाऱ्या तबकड्या असतात आणि त्यांवर अगदी सूक्ष्म अंतरावरून माहिती वाचणारे टोक फिरत असते. हे यंत्र आहे आणि प्रत्येक यंत्राप्रमाणे ते कधीतरी बिघडणारच. यावर उपाय म्हणून एकाच माहितीची दोन डिस्कवर एकाच वेळी नोंद करण्याची पद्धत वापरली जाते. तिला मिररिंग म्हणतात. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या बर्कली येथील संशोधकांनी १९८८ साली अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धतींची पातळीवार मांडणी केली व त्यांना 'रेड' असे नाव दिले. त्यांतील 'रेड १' म्हणजेच मिररिंग होय.

दोन टेराबाईटच्या दोन डिस्क अशा जोडल्या, तर वापरावयास दोनच टेराबाईट जागा मिळते; दुसरी डिस्क पहिलीचे प्रतिबिंब असते. एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही. नवी डिस्क बसविली की सर्व माहिती तिच्यावर पुन्हा उतरवली जाते. घरच्या वा कार्यालयाच्या नेटवर्कला जोडावयाच्या दोन डिस्कच्या पेट्या बाजारात मिळतात. विंडोजमध्येही अशी सोय आहे. दोन्ही डिस्क एकाच वेळी, एकाच खोक्यातून घेऊ नयेत, असे जाणकार सांगतात. कारण एकाच वेळी बनलेल्या डिस्क जवळजवळ एकाच वेळी बिघडण्याची शक्यता असते.

आरसा म्हणजे बॅकअप नव्हे

येथेच अनेकांचा गैरसमज होतो. आरशासमोर जे घडते तेच आरशात दिसते. एखादी फाईल चुकून पुसली गेली, तर ती त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवरूनही पुसली जाते. व्हायरसने फाईली कुलूपबंद केल्या, तर दोन्हीकडच्या होतात. विजेचा दाब अचानक वाढला, चोरी झाली वा पुराचे पाणी घरात शिरले, तर एकाच पेटीतील दोन्ही डिस्क एकदमच जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसरात घराघरांत पाणी शिरले. हे आपण अनुभवले आहे.

आमच्या संपादकीय कार्यालयानेही हा धडा स्वतःच्या चुकीतून घेतला आहे. जुळ्या डिस्क असल्यामुळे आम्ही निश्चिंत होतो. आवराआवर करताना आमच्याच हातून सणाच्या छायाचित्रांचा एक फोल्डर पुसला गेला आणि तो दोन्ही डिस्कवरून गेला. एका स्वयंसेवकाने आपल्या घरी काही छायाचित्रे ठेवली होती, तेवढीच परत मिळाली.

मोठ्या संस्थांनाही हे चुकलेले नाही. १९९८ साली पिक्सार स्टुडिओत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या बहुतेक फाईली चुकीच्या आज्ञेमुळे पुसल्या गेल्या आणि बॅकअप नीट चालत नसल्याचे तेव्हा उघड झाले. घरून काम करणाऱ्या एका तंत्र-दिग्दर्शिकेच्या संगणकावर प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला.

तीन-दोन-एक हा नियम

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचलित केलेला नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे : छायाचित्राच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत घराबाहेर, दूर असावी.

चर्चला ही दृष्टी नवी नाही. १९१७ च्या धर्मसंहितेने (कॅनन ४७०) प्रत्येक प्रमुख धर्मगुरूने धर्मग्रामाच्या नोंदवह्यांची अधिकृत प्रत दर वर्षाच्या शेवटी बिशपांच्या कार्यालयाकडे पाठवावी, असे सांगितले होते. १९८३ च्या संहितेतही (कॅनन ४९१) दप्तरांच्या सूचीच्या दोन प्रती करून एक धर्मप्रांताच्या दप्तरखान्यात ठेवावी, असा नियम आहे. प्रत एकाच छपराखाली असू नये, हाच त्यामागील विचार आहे.

घरी काय करावे?

१. मोबाईल व कॅमेऱ्यातील छायाचित्रे महिन्यातून एकदा संगणकावर उतरवावीत. वर्ष, महिना व प्रसंग अशी फोल्डरची नावे द्यावीत. छायाचित्रातील व्यक्तींची नावेही लिहून ठेवावीत; पुढच्या पिढीला चेहरे ओळखता येणार नाहीत.

२. दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात. एक घरी, दुसरी भावाबहिणीकडे वा परगावच्या नातेवाईकांकडे ठेवून ठरावीक काळाने अदलाबदल करावी. एक छायाचित्र ५ मेगाबाईटचे धरले, तर एक टेराबाईटमध्ये सुमारे दोन लाख छायाचित्रे मावतात.

३. बॅकअप झाल्यावर डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेली नसलेली डिस्क व्हायरसच्या हाती लागत नाही. पावसाळ्यात ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह उंचावर ठेवावी.

४. इंटरनेटवरील साठवण ही चांगली जोड आहे. परंतु फोनमधून पुसलेले छायाचित्र तेथूनही पुसले जाऊ शकते. गुगल फोटोजची अमर्याद विनामूल्य सोय १ जून २०२१ पासून बंद झाली आहे. तसेच दोन वर्षे न वापरलेले गुगल खाते बंद होऊन त्यातील सामग्री जाऊ शकते. पासवर्ड घरातील एका विश्वासू व्यक्तीला ठाऊक असावा.

५. पेनड्राईव्ह व मेमरी कार्ड ने-आण करण्यापुरतेच वापरावे. व्हॉट्सॲपवर पाठविलेल्या छायाचित्राचा दर्जा कमी होतो. मूळ प्रत हवी असल्यास ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे.

६. वर्षातून एकदा बॅकअपमधील काही छायाचित्रे दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावीत. न तपासलेला बॅकअप म्हणजे केवळ समजूत होय. पाच वर्षांच्या आसपास जुनी झालेली डिस्क बदलावी.

धर्मग्रामांनी आपली छायाचित्रे एका व्यक्तीच्या लॅपटॉपवर अवलंबून ठेवू नयेत. पदाधिकारी बदलतात, तेव्हा हिशेबाच्या वह्यांबरोबर छायाचित्रांची डिस्कही रीतसर सुपूर्द व्हावी. मुलांची छायाचित्रे असलेल्या डिस्कला पासवर्डचे संरक्षण असावे.

शुभवर्तमानातील शहाण्या कुमारिकांनी पेटत्या दिव्याबरोबर वेगळ्या भांड्यात तेलही घेतले होते. दिवा पेटता असतानाच तेलाची तजवीज करावयाची असते. येत्या रविवारी मिस्सानंतर एक तास काढून पहिली प्रत तयार करावी, अशी आमची सर्व कुटुंबांना विनंती आहे.