‘परम’ महासंगणकातील दोन प्रोसेसर
अमेरिकी महासंगणकांच्या खरेदीत अडथळे आल्यानंतर 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने 1991 मध्ये ‘परम 8000’ सिद्ध केला, तेव्हा त्यासाठी इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचा ट्रान्सप्युटर, म्हणजे शेजारच्या प्रोसेसरांशी थेट जोडता येणारे चार दुवे अंगभूत असलेला प्रोसेसर, निवडण्यात आला. पुढे ‘परम 8600’मध्ये इंटेलच्या आय 860 या प्रोसेसरची भर पडली; तो आकडेमोडीत कितीतरी वेगवान होता, परंतु कंपायलरला, म्हणजे आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रणालीला, त्याची पूर्ण क्षमता क्वचितच साधता येई. तरीही गणन आय 860कडे आणि संदेशवहन ट्रान्सप्युटरकडे सोपवणारी रचना दोन्ही प्रोसेसरांच्या गुणांचा योग्य उपयोग करणारी ठरली.